सूत न सोडणारे शेषराव मिस्त्री

शेषराव मिस्त्रींच्या गॅरेजात शिरायचं तर आधी चपला काढाव्या लागतात. यात भक्तिभाव नाही. आत जमिनीवर ऑइल, ग्रीस, लोखंडाचा कीस असं सगळं पडलेलं असतं आणि त्यात तुम्ही अनवाणी उभे राहता. मिस्त्री तुमची चप्पल उचलतात, उलटी करतात, तळ डोळ्यांजवळ नेतात आणि मग तुमच्या तोंडाकडे पाहतात. गाडीला काय झालं, हे ते नंतर विचारतात.

माझी चप्पल त्यांनी बराच वेळ पाहिली.

"डावी टाच बाहेरून घासली," ते म्हणाले. "भांडाले निंगाल्यासारखी चालतेस, पोरी. डावा खांदा पुढे काढून. कोनाशी भांडन हाय?"

मी म्हणाले, "सध्या तरी जिल्हा प्रशासनाशी."

"मंग बरोबर हाय," म्हणून त्यांनी चप्पल खाली ठेवली.

हे गॅरेज बडनेऱ्यात आहे, अकोल्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागून. वर पाटी नाही. दाराच्या चौकटीत मधोमध एक ओळंबा लटकतो, गवंड्यांचा असतो तसला, पितळेचा. तीच पाटी. भिंतीवर एका तारेत रबराचे जाड-पातळ तुकडे ओवलेले आहेत, पाचरीसारखे, प्रत्येकावर खडूनं महिना लिहिलेला. मला वाटलं, गाड्यांचे पॅकिंग असतील. गॅरेजच्या मागे दहा हात लांब काळ्या मातीचा एक पट्टा आहे आणि मिस्त्री त्याला रोज सकाळी नळीनं पाणी घालतात. त्यात काहीही पेरलेलं नाही. बडनेऱ्यात नवीन आलेल्या माणसाला हा पट्टा दाखवून सांगतात की मिस्त्री डोक्यानं जरा सरकलेले आहेत, पण काम पक्कं आहे.

मिस्त्रींचं माप इंचात नसतं, सुतात असतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चहाचा कप बशीच्या मध्यावर नसेल तर ते म्हणतात, "दोन सूत इकडे घे." शेजारच्या हॉटेलवाल्याचं बाकडं, पोस्टमनच्या खांद्यावरची पिशवी, समोरच्या दवाखान्याच्या डॉक्टरची भांगाची रेघ, सगळ्यांचा सुतात हिशेब त्यांच्याकडे आहे. आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या जगात सरळ उभा असलेला एकही माणूस त्यांना आजवर भेटलेला नाही. "सगयेच वाकडे हायत," हे ते इतक्या समाधानानं सांगतात की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

आता मी तिथं का गेले होते ते सांगते, कारण त्यात माझीच चूक आहे आणि ती लपवणं मला पटत नाही.

तिवसा तालुक्यातल्या एका गावाच्या पांदण रस्त्यासाठी आमची समिती दोन वर्षं झगडते आहे. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट. ही तीन किलोमीटरची आहे आणि गावाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने तिथून माणूस चालला की पायाला दोन-दोन किलो चिखल लागतो. याआधी पाहणीला दोन साहेब येऊन गेले. दोघंही डांबरी रस्त्याच्या कडेला उतरले, लांबून पांदण पाहिली आणि कागदावर लिहून गेले की रस्ता सुस्थितीत आहे. मी त्यावर चार पत्रकं काढली. एकाचा मथळा होता, 'साहेब, डोळे उघडा, बूट भरू द्या'. बूट कुणाचेच भरले नाहीत.

तिसरे साहेब नवे आले. फोनवर म्हणाले, "तुमची गाडी आतपर्यंत जात असेल तर मी आतपर्यंत येतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता. गाडी जात नसेल तर मग काठावरूनच पाहतो." यात वाईट काही नव्हतं. फक्त आमच्याकडे आत जाणारी गाडी नव्हती. होती ती एका हितचिंतकानं दिलेली जुनी जीप, तिचं पोट चिखलाला टेकायचं. म्हणून मी ती अमरावतीच्या एका दुकानात नेली. तिथली माणसं गाड्या उंच करतात आणि उंच केलेल्या गाडीसमोर गॉगल घालून रील काढतात. त्यांनी एका दिवसात जुन्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घातल्या, गाडी तीन इंच वर उचलली, माझ्याकडून ती गोल फिरवून घेतली, रील काढली आणि जीप ताब्यात दिली. दिसायला ती वाघासारखी दिसत होती.

शुक्रवारी मी तिला पांदणीवर घेऊन गेले. सोबत कुसुमबाई होत्या. कुसुमबाई म्हणजे या सगळ्या लढ्याचं कारण. त्यांची सून गरोदर आहे आणि महिन्याभरात मोकळी होणार आहे. तिला वेळेवर बाहेर काढायचं तर निदान मुरूम तरी पडायला हवा, आणि साहेबाच्या अहवालाशिवाय मुरूम पडत नाही. दोनशे पावलं गेलो आणि जीपचा मागचा भाग एकाएकी स्वतःच्या मनानं उजवीकडे निघाला. मी स्टिअरिंग फिरवलं. पुढचा भाग डावीकडे गेला. मग आम्ही दोघी तुरीच्या वावरात, तिरप्या.

कुसुमबाई दार धरून बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "ताई, सोमवारी साहेबाले इथंच उतरवनार का?"

ज्या शेतकऱ्याच्या बैलांनी जीप बाहेर ओढली, त्यानंच बडनेऱ्याच्या मिस्त्रींचं नाव सांगितलं.

मिस्त्रींनी जीपखाली डोकं घालायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. ओळंब्याचा दोरा त्यांनी चेसीच्या कडेवरून सोडला, मागच्या चाकाजवळ धरला, पट्टी लावली. दुसऱ्या बाजूला तेच केलं.

"उजवं चाक तीन सूत बाहेर. डावं तीन सूत आत. मागचा आख्खा धुरा सरकला," ते म्हणाले. "कोनं उंच केली?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी मला वाकायला लावलं आणि खाली एक तिरपा दांडा दाखवला. एक टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं धुऱ्याला, म्हणजे चाकांच्या आसाला.

"ह्या दांड्याले आमी लगाम म्हनतो. धुरा आजूबाजूले पळू नये म्हून असते. आता तू गाडी वर उचलली. लगामाची लांबी तेवढीच. मंग थो काय करते? थो जादा तिरपा होते अन् धुऱ्याले आपल्याकडे ओढून घेते. उंच करनं कोनालेही येते, पोरी. उंच केल्यावर सरय कोन करते, सांग."

"पण तीन सुतानं एवढं काय होतं?" मी विचारलं. आता आठवलं की लाज वाटते.

मिस्त्रींनी मला मागच्या मातीच्या पट्ट्याशी नेलं आणि जीप त्यावरून चालवून आणली. ओल्या मातीत पुढच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या. मागची चाकं त्या चाकोरीत नव्हती, तिच्या काठावर चढून, काठ फोडत गेली होती.

"डांबरीवर तुले हे समजलंही नसतं. कायी माती मोठी खरी राहते. पुढचं चाक वाट पाडते, मागचं त्याच वाटेत पडलं पायजे. थे काठावर चढलं का घसरते. मंग तू वावरात."

त्या क्षणी मिस्त्रींवर माझी श्रद्धा बसली. ती शनिवारी दुपारपर्यंत टिकली.

शनिवारी सकाळी त्यांनी लगाम काढला, मधून कापला, शेजारच्या लेथवर आटे पाडून आणला आणि मध्ये नटाची नळी बसवली. आता नळी फिरवली की दांड्याची लांबी कमी-जास्त होत होती. मला वाटलं झालं काम. मिस्त्री म्हणाले, "आता गाडीत कोन कोन बसते, थे सारे आना."

"कशाला?"

"गाडी जॅकच्या घोडीवर टांगली का खोटं बोलते. रिकामी उभी केली का अर्धं खरं बोलते. भार घेऊन, आपल्या पायावर उभी करा, मंग बोला."

हा त्यांचा नियम आहे आणि त्यातून आजवर कुणी सुटलेला नाही. एका बँडवाल्याच्या गाडीसाठी त्यांनी अख्खा बँड वाद्यांसह चार तास बसवून ठेवला होता म्हणतात. वाजवू मात्र दिलं नाही, स्प्रिंग हलते म्हणून.

कुसुमबाईंना मी एसटीनं बोलावून घेतलं. मी स्टिअरिंगवर, त्या मागे, त्यांच्या शेजारी भोंगा, बॅटरी आणि पत्रकांचे चार गठ्ठे. माझ्या बाजूची सीट रिकामी होती.

"इथं कोन?"

"साहेब."

"वजन किती हाय साहेबाचं?"

मला कसं माहीत असणार. पण मिस्त्रींनी हट्टच धरला. शेवटी मी साहेबांच्या कार्यालयात फोन लावला. शनिवार असून एक बाबू होता. मी म्हटलं, "समितीतर्फे बोलतेय, साहेबांचं वजन किती आहे?" मग बाबू म्हणाले, "मॅडम, साहेबांचं वजन वरपर्यंत आहे," आणि फोन ठेवला.

मिस्त्री हॉटेलवाल्याकडून त्याच्या म्हशीसाठी आणलेलं सरकीच्या ढेपीचं पोतं घेऊन आले. ते त्यांनी सीटवर नीट उभं केलं, पट्टा लावला आणि म्हणाले, "हे साहेब. कोनी हालू नोका."

त्यानंतर चार तास मी, कुसुमबाई आणि ढेपीचं पोतं बडनेऱ्याच्या रस्त्याला तोंड करून बसलो. मिस्त्री खाली झोपून नळी अर्धा आटा फिरवत, बाहेर येत, गाडी दोन्ही हातांनी हलवून स्थिर करत, दोरा सोडत, पट्टी लावत, मान हलवत, पुन्हा खाली जात. कुसुमबाईंना शिंक आली तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून माप घेतलं. जाणारे-येणारे थांबून पाहत होते. एकानं विचारलं, "काय उपोषण हाय का?" माझ्याकडे भोंगा असूनही मला बोलता येत नव्हतं. आयुष्यात एवढी लाचारी मी कधी सोसली नव्हती.

कुसुमबाई मात्र खुशीत होत्या. मधूनच पोत्याकडे पाहून म्हणायच्या, "साहेब, आमचा रस्ता पाहा बरं," आणि पदर तोंडाला लावायच्या.

पावणेपाचला मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. साबण आणि भुसा घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. शर्ट बदलला. पिशवी घेतली.

"झालं?" मी विचारलं.

"अर्धा सूत बाकी हाय. नट आवळला नाई. गाडी हलवू नोको."

"काका, परवा सकाळी पाहणी आहे."

"सोमवारी सकायी सातले येतो."

"नऊ वाजता साहेब तिवश्याच्या पुढे उभा राहणार. आणि चिखलात एकदा चालवून पाहायला नको? अर्ध्या सुतानं काय होतं?"

"अर्ध्या सुतानं काहीच होत नाई," मिस्त्री म्हणाले. "पन मले मालूम राहते ना." आणि ते स्टेशनकडे चालू लागले.

हॉटेलवाल्यानं मला समजावलं की हे रोजचंच आहे. सव्वापाचची अकोल्याची गाडी मिस्त्री चुकवत नाहीत. एकदा एका पुढाऱ्याची मोटार चारही चाकं काढलेली अशी घोडीवर सोडून गेले, पुढारी आत बसलेला होता. रविवारी तर येतच नाहीत. का, ते कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं पत्त्यांचा अड्डा आहे, कुणी म्हणतं अकोल्यात दुसरं घर आहे. "पहिलं कोठी हाय थे कोनाले मालूम नाई," हॉटेलवाला म्हणाला, "पन दुसरं हाय म्हनतात."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'कारागिरीच्या नावाखाली मनमानी किती दिवस?' मजकूर सांगत नाही. त्यात कुसुमबाईंच्या सुनेचा उल्लेख होता, 'सामान्य जनतेला वेठीस' असे शब्द होते आणि 'पाच वाजताची मक्तेदारी' असेही. झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती काढल्या. रविवारी सकाळी एक मिस्त्रींच्या शटरवर चिकटवली, पोस्टमनला घरी गाठून अकोल्याचा पत्ता काढला आणि उरलेल्या एकोणपन्नास घेऊन रेल्वेत बसले. तो माणूस जिथं पत्ते खेळत असेल तिथून त्याला उठवून आणायचा, असं मी ठरवलं होतं.

पत्ता जठारपेठेतला निघाला. दोन खोल्यांचं घर, पुढे तुळस, ओळंब्यात लावलेलं फाटक. दार उघडंच होतं. पत्त्यांचा डाव नव्हता. आतल्या फरशीवर शेषराव मिस्त्री पालथे पडले होते, एक डोळा मिटून, गाल जमिनीला टेकवून. त्यांच्यासमोर एक साठीच्या बाई हातात भाजीची भरलेली पिशवी घेऊन ताठ उभ्या होत्या. बाईंच्या कमरेजवळून ओळंब्याचा दोरा खाली सुटला होता.

"या," बाई म्हणाल्या. "बसा. मले हालता येत नाई, भाजी घेऊन उभी हाय."

"भार घेतल्याबिगर खरं माप येत नाई," जमिनीवरून आवाज आला. मग मिस्त्रींनी मान वळवली. "अरे, पत्रकवाली."

त्या शेवंताकाकू. त्यांच्या पायात चपला होत्या, साध्याच, पण डाव्या चपलेचा तळ उजवीपेक्षा चांगला दीड इंच जाड होता. टायरच्या रबराचे थर, एकावर एक, इतके सफाईनं घासलेले की सांधा दिसू नये. आणि टाचेखाली एक छोटी पाचर. ती पाचर मी पाहिली होती. बडनेऱ्याच्या भिंतीवर तारेत ओवलेली, प्रत्येकीवर महिना लिहिलेला.

माझ्या हातात एकोणपन्नास पत्रकं होती. ती मी पाठीमागे धरली.

काकूंनी पिशवी खाली ठेवली, चहा टाकला आणि मला मी न विचारलेलं सगळं सांगितलं. त्या बोलायला फार मोकळ्या आहेत.

"लहानपनापासून माहा डावा पाय आखूड. गावात मले लंगडीच म्हनत, नाव कोनी घेत नोतं. हे पाहाले आले तवा माह्या बापानं आधीच सांगून टाकलं, पोरीचा डावा पाय आखूड हाय. ह्यायनं मले दोन पावलं चालाले लावलं, पाह्यलं अन् बापाले म्हनाले, डावा बरोबर हाय, उजवा लांब हाय."

"होताच," मिस्त्री पाचर घासत म्हणाले.

"लगन झाल्यावर ह्यायनं चपलीले एकदम दीड इंच रबर लावलं. मले वाटलं मी उडून राहिली. पंधरा दिसांत कंबर धरली, उठता येईना. मंग सारं काढून सुता-सुतानं चढवलं, तवापासून हे सुरू झालं. दर म्हैन्याले घासते, दर म्हैन्याले मापते. डाक्टर म्हने रोज संध्याकायी चाललं नाई तर खुबा धरून घेईल. अन् मी एकटी रस्त्यावर जात नाई. म्हून ह्यायले सव्वापाचची गाडी."

मिस्त्रींनी वर न पाहता हात पुढे केला. "दे."

"काय?"

"पत्रक. मांगं धरलं ना. डावा हात आखडून राहिला तुया."

मी दिलं. दुसरं काय करणार. त्यांनी ते उभं धरलं, ओळंब्याचा दोरा कागदाच्या कडेला लावला आणि बराच वेळ पाहिलं. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते, जी मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही.

"मजकूर उजवीकडे एक सूत चढून राहिला," ते म्हणाले. "झेरॉक्सवाल्यानं कागद तिरपा ठेवला. बाकी अक्षर चांगलं हाय."

काकूंनी पत्रक घेतलं, चष्मा लावला, पूर्ण वाचलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीचं बरोबर हाय. अर्ध्या सुतापाई कोनाची सून अडून राहिली. उठा, जा."

"आज इतवार हाय. संध्याकायचं चालनं कसं करशीन?"

"मले घेऊन चाला. तिथं चालतो."

मिस्त्रींचा हात थांबला. मला नंतर कळलं की चाळीस वर्षांत शेवंताकाकू एकदाही गॅरेजात आल्या नव्हत्या. तिथं माणसं असतात. माणसं पायाकडे पाहतात.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं बडनेऱ्याला आलो. शटरवरचं पत्रक मिस्त्रींनी फाडलं नाही, फक्त सोडवून सरळ चिकटवलं. हॉटेलवाला धावत आला. तो आजवर ज्याला दुसरं घर म्हणत आला होता ते समोर उभं होतं, हातात भाजीची पिशवी घेऊन. त्याची नजर काकूंच्या चपलेकडे जाणार, एवढ्यात मिस्त्री कडाडले, "चपला काढ. दाखव. बाहेरून घासली. पोट पुढे काढून चालतोस, लेका, तीन सूत." हॉटेलवाला स्वतःच्या पोटाकडे पाहत राहिला. चपला काढून जेवढी माणसं त्या दिवशी तिथं आली, तेवढ्या सगळ्यांची वाकडी चाल मिस्त्रींनी मोठ्यानं सांगितली. काकूंच्या पायाकडे पाहायला कुणाला सवडच मिळाली नाही.

गाडीत भार भरायला कुसुमबाई नव्हत्या. त्यांच्या जागी ढेपीचं पोतं मागे गेलं आणि साहेबांच्या जागी शेवंताकाकू बसल्या. वजन कमी पडलं म्हणून मिस्त्रींनी त्यांच्या मांडीवर जास्तीची बॅटरी दिली. काकूंनी पट्टा लावला, बॅटरी फायलीसारखी धरली आणि मला म्हणाल्या, "हं. काय मागनं हाय तुमचं?"

मी सांगितलं, पांदण रस्ता.

"अर्ज द्या. पाहू."

"साहेब, दोन वर्षं झाली अर्ज देऊन."

"मंग तिसऱ्यांदा द्या."

"साहेब, हालू नोका," गाडीखालून आवाज आला. काकू हसू दाबत होत्या आणि स्प्रिंग हलत होती. मिस्त्रींनी त्यांना एकदाही रागावलं नाही. माप चारदा पुन्हा घेतलं.

काकूंच्या चालण्याची वेळ व्हायच्या आत दोन्ही बाजूंचा दोरा सारख्या अंतरावर आला. मिस्त्रींनी गाडीत सगळे बसलेले असतानाच नट आवळला, मग मला मागच्या पट्ट्यावरून एकदा जायला लावलं. उतरून पाहिलं. चार चाकं गेली होती आणि मातीत दोनच वाटा होत्या.

सोमवारचं फार सांगायला नको. साहेब वेळेवर आले. कुसुमबाई मागे बसल्या आणि साहेबांकडे पाहून त्यांना उगीच हसू येत राहिलं. साहेब अस्वस्थ झाले, पण बसले. तीन किलोमीटर पांदण जीप गेली, मागचा भाग एकदाही आपल्या मनानं हलला नाही. साहेब गावात उतरले, चिखलात बूट भरले, सुनेला पाहिलं आणि तिथंच उभं राहून लिहिलं की हा रस्ता वाहतुकीस अयोग्य आहे. हे एक वाक्य मिळवायला आम्हाला दोन वर्षं लागली. आठवड्याभरात मुरूम पडायला लागला. सून वेळेत बाहेर पडली, मुलगी झाली. मी पत्रक काढलं. या वेळी कागद झेरॉक्सच्या काचेवर स्वतः लावला.

पेढे घेऊन मी बडनेऱ्याला गेले तेव्हा माझी चप्पल उलटी करून मिस्त्री म्हणाले, "डावी जराशी कमी घासली. समजोता झाला का?" मी म्हटलं, एका साहेबाशी, बाकीचे आहेत. पावणेपाचला त्यांनी हात धुतले. काकूंना पेढे द्यायचे होते म्हणून मीही त्यांच्याबरोबर सव्वापाचच्या गाडीत बसले.

जठारपेठेत संध्याकाळची वर्दळ होती. काकू भाजीची पिशवी घेऊन पुढे निघाल्या, पदर नीट, नजर समोर. मिस्त्री त्यांच्या चार पावलं मागे, कमरेत वाकून, हात पाठीवर बांधून, डोळे काकूंच्या टाचांवर लावून चालले होते. रस्त्यावरच्या गर्दीत तो वाकलेला म्हातारा इतका विचित्र दिसत होता की जो तो त्यांच्याकडेच पाहत होता. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दोन पोट्ट्यांनी हाक मारली, "काका, काही पडलं का?"

"हो ना. सापडते का पाहून राहिलो," मिस्त्री म्हणाले. पोट्टे हसले. मला कळलं, हा संवाद रोज होतो.

मी काकूंच्या एक पाऊल मागे होते, ती पोट्ट्यांकडे वळले. डावा खांदा पुढे आला होता. तेवढ्यात काकूंनी मागे न पाहता माझा हात धरला.

"हसू दे त्यायले," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे पाहतात तवर मले मोकयं चालता येते."

त्या पुढे गेल्या. पावलं एका मापात पडत होती. मी मागे राहिले, मिस्त्रींच्या बाजूला आले आणि कमरेत वाकून, काहीतरी हरवल्यासारखी, रस्ता पाहत चालू लागले.

"दोन सूत इकडे सरक," मिस्त्री म्हणाले. "उजेड अडवून राहिली."